कोकणात येतोयस ना, मग हे वाच

प्रिय पक्या,

तुझा मेसेज आला, डिसेंबरात काकू आणि पोरांना घेऊन कोकणात येतोयस, लय भारी. पण तू पाठवलेली ती लिस्ट बघून डोक्याला हात लावला रे. गणपतीपुळे बीच, आरेवारे बीच, गुहागर बीच, तारकर्ली बीच, देवबाग बीच... अरे समुद्र सगळीकडे तोच आहे, खारट! दोन ठिकाणी पाय भिजवले की पोरं खूश, तिसऱ्या दिवशी काकू विचारणार, परत वाळूच का? म्हणून सविस्तर लिहितोय, फोनवर तू अर्धं ऐकतोस आणि अर्धं विसरतोस.

आधी रत्नागिरीत नीट थांब. सगळे लोक दुपारी येतात, थिबा पॅलेससमोर फोटो काढतात आणि पळतात. तू आत जा. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा, याला इंग्रजांनी 1885 साली मंडालेहून उचलला आणि पुढच्या वर्षी इथं आणून ठेवला. आधी भाड्याच्या बंगल्यांत, मग 1910 च्या सुमारास हा राजवाडा बांधून दिला, आणि बिचारा त्यात जेमतेम सहा वर्षं राहून 1916 ला गेला. (गंमत बघ, दिल्लीच्या बहादूरशहाला नेऊन टाकला रंगूनला आणि तिकडच्याला आणला रत्नागिरीत, म्हणजे दोघांनाही आपलं कोणी भेटायला नको.) वाडा लाल जांभ्याचा, उतरतं छप्पर, खिडक्यांवर लाकडाची अर्धगोल नक्षी, आणि मागच्या बाजूनं भाट्याची खाडी दिसते. खाली पुरातत्त्व खात्याचं छोटं म्युझियम आहे, त्यात जुन्या मूर्ती वगैरे. ते ठीक आहे, पण माझ्या मते खरं म्युझियम म्हणजे तो वाडाच. वरच्या मजल्यावर उभं राहिलं की कळतं, माणसाला समुद्र दाखवायचा पण जहाजात चढू द्यायचं नाही ही केवढी शिक्षा आहे.

आणि राजापेक्षा मला त्याच्या नातीची गोष्ट जास्त लागते. थोरल्या राजकन्येचं वाड्यावरच्याच दरवानाशी, गोपाळ सावंतशी जमलं, त्यांना मुलगी झाली, टूटू. राजा गेल्यावर घरचे 1919 ला परत ब्रह्मदेशात गेले, पण टूटू शेवटी इथंच राहिली, इथंच लग्न केलं, मराठी बोलत, शेण्या थापत, कागदाची फुलं करून विकत म्हातारी झाली. राजाची सख्खी नात! शहरातल्या जुन्या लोकांनी तिला बघितलेली आहे. थिबाची समाधी पण गावातच आहे, 2012 ला म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष येऊन डोकं टेकून गेले, आपल्याकडचे लोक रिक्षावाल्याला विचारत फिरतात कुठं आहे म्हणून. सोमवार टाळ पण, सरकारी म्युझियम बहुतेक बंदच असतं.

टिळक आळीतलं लोकमान्यांचं जन्मघर अर्ध्या तासात होतं, काकूंना आवडेल, कौलारू घर आणि अंगण. पोरांना मात्र पेठकिल्ल्याकडचं मत्स्यालय दाखव, कोकण कृषी विद्यापीठाच्या संशोधन केंद्राचं आहे, रंगीत मासे आहेतच, पण तिथं देवमाशाचा अख्खा सांगाडा ठेवलाय. त्याच्या बरगड्यांजवळ उभं राहिल्यावर पोरांची बडबड बंद होते, गॅरंटी.

गणपतीपुळ्याला तर तू जाणारच, दर्शन घे, मोदक खा, मग मालगुंडला जा, अगदी जवळ आहे. कवी केशवसुतांचं जन्मघर, 1866 साली इथं जन्मले. घर तसंच जपलंय आणि आवारात स्मारक आहे. तिथं सहसा गर्दी नसते, म्हणून मला आवडतं. पुळ्यातलं प्राचीन कोकण नावाचं ओपन म्युझियम पण बघ, झाडीत माणसाएवढे पुतळे करून खोत, सुतार, लोहार असं जुनं गाव उभं केलंय. थोडं टुरिस्टी आहे, मी खोटं नाही सांगणार, पण आपल्या पोरांना बलुतेदार म्हणजे काय हे दुसरं कोण दाखवणार?

आता मेन गोष्ट. कातळशिल्पं. हे सोडलंस तर आपली मैत्री संपली असं समज. इकडचे सडे माहितीयेत ना, जांभ्या दगडाचे उघडे माळ, त्यावर हजारो वर्षांपूर्वी कोणीतरी हत्ती, मासे, माणसं कोरून ठेवलीत, आणि आपले लोक गुरं चारताना त्यावरनं चालत होते. रत्नागिरीतल्या सुधीर रिसबूड, धनंजय मराठे वगैरे मंडळींनी गावोगाव फिरून, गुराख्यांना विचारून विचारून ती शोधली, आणि 2022 ला युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत त्यांचं नाव गेलं. तू कशेळीला जा. रत्नागिरीहून दक्षिणेला, पावस, पूर्णगड करत, वाटेत कनकादित्याचं देऊळ काकूंसाठी. सड्यावर पोचलास की आधी काहीच दिसत नाही, नुसता काळपट दगड. मग कोणीतरी बोट दाखवतं आणि रेघ डोळ्यात भरते, आणि मग ती रेघ संपतच नाही, चालत चालत सोंड, पाय, पाठ. अठरा मीटरच्या आसपासचा हत्ती आहे तो! आणि त्याच्या आत आणखी प्राणी, मासे, पक्षी. दुपारी बारा वाजता गेलास तर फोटोत काही येणार नाही, सकाळी लवकर किंवा उन्हं कलल्यावर जा, तिरप्या उन्हात खोबणीत सावली बसते. आणि प्लीज, पोरांना चपला काढायला लाव आणि कडेनं फिरव. लांब वाटत असेल तर उक्षीला जा, तिथं हत्तीभोवती बघायला कट्टा केलाय.

पुढं खाली उतरताना विजयदुर्ग. किल्ला जबरदस्त आहेच, पण तिथं साहेबाचे ओटे म्हणून चौथरे आहेत आणि सगळे सांगतील की 1868 च्या ग्रहणात लॉकियर नावाच्या इंग्रज खगोलशास्त्रज्ञ साहेबानं इथूनच हेलियम वायू शोधला. ऐकून घे, मान डोलव. पण तुला म्हणून सांगतो, त्या वर्षी लॉकियर इंग्लंडातच होता, सूर्याच्या उजेडातली हेलियमची ती पिवळी रेघ त्यानं तिथूनच बघितली. तो विजयदुर्गाला आला तो 1898 च्या जानेवारीत, दुसरं खग्रास ग्रहण बघायला, दुर्बिणी घेऊन, आरमाराची बोट घेऊन. ते काय कमी आहे का? पण गाइडशी वाद घालू नकोस, काकूंना ऊन लागेल.

मालवणला सिंधुदुर्ग, ते काही मी सांगायला नको. एवढंच, होडीवाला परतायची घाई करेल, तू ऐकू नकोस. 1664 ला काम सुरू केलेल्या या किल्ल्यात, चारी बाजूंनी खारं पाणी असताना, दूधबाव, साखरबाव, दहीबाव अशा गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. शिवराजेश्वराच्या देवळात महाराजांची मूर्ती दाढीशिवाय आहे, कोळ्यासारखी टोपी घातलेली, पोरं हमखास विचारतील.

शेवटी कुडाळजवळ पिंगुळी. ठाकर समाजाची चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्या. परशुराम गंगावणे यांनी आपल्या गोठ्याचंच म्युझियम केलं, 2021 ला पद्मश्री मिळाली त्यांना. जुनी चित्रं एकेक पुढं धरून रामायण गायचं, अशी ती कला. आधी फोन करून गेलास तर बाहुल्या नाचवून दाखवतात, तिथं पैसे द्यायला कंजूषपणा करू नकोस. सावंतवाडी लागूनच आहे, राजवाड्यात गंजिफा रंगवताना बघायला मिळतात, गोल पत्ते, दशावताराचा डाव 120 पत्त्यांचा. महाग आहेत, पण एखादा तरी घे. लाकडी खेळणी चितार आळीत घे, हायवेवरच्या दुकानात नको.

एवढं सगळं एका फेरीत होणार नाही, मला माहितीय. मग उत्तर आणि दक्षिण कर दोन भाग, या वेळी रत्नागिरी ते कशेळी एवढंच कर आणि बाकीचं मे महिन्यात, आंब्याला. गाडी आणणार असशील तर जयगडहून फेरीबोटीत गाडी घालून तवसाळला उतर, पोरांना मजा येते आणि लांबचा वळसा वाचतो. ट्रेननं येणार असशील तर तिकिटं आजच काढ, डिसेंबरात कोकण रेल्वेला वेटिंगच असतं.

राहायला आमच्याकडेच यायचंय, हॉटेलचं नाव काढू नकोस. आई विचारतेय काकूंना मासे चालतात का, की शाकाहारीच करायचं? ते आणि तारीख दोन्ही रविवारपर्यंत कळव.

तुझा,
बाळ्या