मधला हरभरा

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, "परक्लोरेट आहे, परआयोडेट आहे, मग मधल्या ब्रोमिनचं काय?" कुकर लावला होता, म्हणून घाईत "असतो गं" एवढंच म्हणाले. तेव्हापासून मनाला रुखरुख लागली आहे. इतका चांगला प्रश्न असा वाटेला लावायचा नसतो.

क्लोरीन, ब्रोमीन, आयोडीन ही आवर्तसारणीत एकाखाली एक बसणारी भावंडं. मधोमध एक अणू आणि भोवती चार ऑक्सिजन, असे क्लोरीन आणि आयोडिनचे हे आयन (विद्युतभार असलेले अणुगट) एकोणिसाव्या शतकातच हाती आले. ब्रोमीन मात्र तीन ऑक्सिजन घेऊन ब्रोमेटपाशी अडायचा, चौथा काही केल्या जोडला जाईना. मग परब्रोमेट का असू शकत नाही, याची कारणंही मोठमोठ्या लोकांनी मांडून ठेवली. आणि १९६८ मध्ये अमेरिकेतल्या अरगॉन प्रयोगशाळेत एव्हन अ‍ॅपलमन यांनी तो करून दाखवला!

कसा, ते कळावं म्हणून मी आज रात्री ओट्यावर मांडून बसले. मधोमध भिजवलेला हरभरा, त्यात चार टूथपिक, टोकांना चार वाटाणे. हरभरा म्हणजे सेलेनियम, वाटाणे म्हणजे ऑक्सिजन, हा झाला सेलेनेट. सेलेनियमचा अणुक्रमांक ३४, ब्रोमिनचा ३५, अगदी शेजारी. अ‍ॅपलमननी चौथा ऑक्सिजन जोडायचा नाद सोडला आणि किरणोत्सारी सेलेनियम-८३ असलेला सेलेनेट घेतला. त्या अणूच्या केंद्रकात एका न्यूट्रॉनचा प्रोटॉन होतो, इलेक्ट्रॉन बाहेर पडतो, आणि सेलेनियमचा जागच्या जागी ब्रोमीन होतो. चार ऑक्सिजन तर आधीच भोवती बसलेले! मी मधला हरभरा हळूच काढून काबुली चणा बसवला. एक वाटाणा निसटला. तिथेही सगळ्यांचे चारही ऑक्सिजन टिकले नाहीत, पण काहींचे टिकले, आणि तेवढे पुरे होते.

असा झालेला परब्रोमेट इतका थोडा होता की डोळ्यांना दिसणं शक्यच नव्हतं, किरणोत्सारावरूनच त्याचा माग लागला. पण 'असतो' हे एकदा कळल्यावर साधे रासायनिक मार्गही सापडले. आधी झेनॉन डायफ्लुओराइड वापरून, मग ब्रोमेटच्या अल्कधर्मी द्रावणात फ्लोरीन वायू सोडून. आणि बघ, इतका दुर्लभ मानलेला हा आयन एकदा जमला की चांगला टिकतो. पोटॅशियम परब्रोमेटचे पांढरे स्फटिक सुमारे २७५ अंश सेल्सिअसपर्यंत तग धरतात. अवघड होतं ते तिथवर पोचणं.

चण्याचा फोटो पाठवते आहे. चारही काड्यांमधला कोन सारखा आला आहे का, बघून सांग.

तुझी,
आई