हेल्पडेस्कमधले भगदाड आणि तुमची एएमसी (वार्षिक देखभाल करार)

प्रति,
व्यवस्थापकीय संचालक

विषय : लॉगिन न करता उघडणाऱ्या अटॅचमेंट

तुमच्या सपोर्टने आमचे तिकीट (नोंदवलेली तक्रार) 'सोडवले' असा शेरा मारून आत्ताच बंद केले, म्हणून हे पत्र तुम्हाला.

तुमच्या हेल्पडेस्क या तक्रारी नोंदवायच्या सॉफ्टवेअरमध्ये अटॅचमेंटच्या लिंकमधला आकडा एकने वाढवला की दुसऱ्याची फाइल समोर येते. लॉगिन लागत नाही. आम्ही नागरी सहकारी बँक आहोत. डेटा बाहेर जाऊ नये म्हणूनच हे सॉफ्टवेअर स्वतःच्या सर्व्हरवर चालवतो. तिकिटांत काय असते हे तुम्हाला सांगायला नको : शाखांचे आयपी, व्हीपीएनच्या सेटिंग, आणि कितीही बजावले तरी लोकांनी जोडलेले पासवर्डचे स्क्रीनशॉट.

आता तुमच्या प्रतिनिधीचे उत्तर ऐका. "सर, ज्याच्याकडे लिंक आहे त्यालाच फाइल दिसते. ते डिझाइनच तसं आहे." म्हटले, लिंक लागतच नाही, आकडा बदला. "पण सर, बाहेरच्या माणसाला दुसऱ्याचा नंबर कसा कळणार?" म्हटले, ४१२ नंतर ४१३ येतो. ते थांबले. वाटले, समजले. तर विचारतात, "सर, तुम्ही डेव्हलपर आहात का?" नाही हो, गिऱ्हाईक आहे. मोजता येते एवढेच. मग होल्ड, ते संगीत, आणि परत येऊन : "तुमची एएमसी संपलीय. पॅच हवा तर आधी रिन्युअल करा." वर, पुरावा म्हणून त्याच फायली तुमच्या सपोर्ट पोर्टलवर चढवा म्हणाले. ते पोर्टल कोणत्या सॉफ्टवेअरवर चालते? तुमच्याच. धन्य आहे!

सोलरविंड्स या अमेरिकी कंपनीच्या वेब हेल्प डेस्क सॉफ्टवेअरचे काय झाले हे तुमच्याकडे कोणी वाचले आहे का? ऑगस्ट २०२४ मध्ये सीव्हीई-२०२४-२८९८६ (सीव्हीई म्हणजे जाहीर झालेल्या त्रुटीचा क्रमांक), तीव्रता १० पैकी ९.८, अमेरिकेच्या सिसा या सायबरसुरक्षा संस्थेने ती लगेच प्रत्यक्ष वापरात असलेल्या त्रुटींच्या यादीत घातली. त्याच महिन्यात कोडमध्येच लिहून ठेवलेले युझरनेम-पासवर्ड सापडले. त्यांतून परक्या माणसाला तिकिटे वाचता आणि बदलता येत होती. पहिल्या त्रुटीच्या पॅचला, म्हणजे दुरुस्तीला, वळसा निघाला, दुसऱ्यालाही निघाला, सप्टेंबर २०२५ मध्ये तिसरा पॅच आला. नामुष्कीच, पण प्रत्येक वेळी क्रमांक देऊन जाहीर तरी केले. तुमच्या रिलीज नोट्समध्ये कायम 'किरकोळ सुधारणा'.

सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबरसुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावी लागते, लॉग (वापराच्या नोंदी) १८० दिवस ठेवावे लागतात. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये अटॅचमेंट कोणी उघडली याची नोंदच नाही. वेब सर्व्हरच्या लॉगमधून आम्ही आयपी उपसतो आहोत. अटॅचमेंटचा मार्ग प्रॉक्सीवर (मधल्या सर्व्हरवर) बंद केला आहे, त्यामुळे शाखा फायली ईमेलने पाठवतात. हेल्पडेस्क विकत घेऊन ईमेलवर काम!

चूक तुमच्या कोडमध्ये आणि एएमसी आम्ही भरायची, हे कुठले गणित? एएमसी नेहमीच्या देखभालीसाठी असते, तुमची भोके बुजवायला नाही. या आठवड्यात पॅच विनाअट मिळाला नाही, तर सविस्तर अहवाल सर्ट-इनकडे जाईल. ते सीव्हीई क्रमांकही देतात; तिथे 'किरकोळ सुधारणा' लिहिता येणार नाही.

परदेशी कोटेशने बाजूला ठेवून आमच्या संचालक मंडळाने तुम्हाला निवडले, कारण 'आपल्याकडची कंपनी, फोन तरी उचलतील'. उचलता, हे खरे.

उत्तर लेखी द्या, कोड समजणाऱ्या माणसाच्या सहीने.

विभागप्रमुख, माहिती तंत्रज्ञान