"सर, जाऊ का?" "आत्ता नाही, बस खाली"

मा. संपादक,
स.न.वि.वि.

विषय जरा घाणेरडा वाटेल, पण छापा ही विनंती. मी एसटीतला रिटायर्ड कंडक्टर, आणि पत्र आहे पोट साफ न होण्याबद्दल. आमच्याकडे यावर विनोद भरपूर होतात पण नीट कुणी बोलत नाही.

माझा नातू पहिलीत आहे. दिवाळीनंतर त्याच्या चड्डीला रोज थोडं थोडं पातळ लागायला लागलं. आमच्या हिला वाटलं जुलाब, म्हणून ताकभात आणि केळी सुरू, सूनबाई ओरडायची की एवढा मोठा झालास तरी कळत नाही का, आणि पोरगं नुसतं खाली मान घालून उभं. मध्येच पडद्यामागे जाऊन टाचा वर करून पाय आवळून लालबुंद व्हायचं, आम्ही म्हणायचो कुंथतोय बिचारा. शेवटी मुलांच्या डॉक्टरांकडे नेलं तर त्यांनी पोट दाबून बघितलं आणि सांगितलं की जुलाब वगैरे काही नाही, आत खडा होऊन बसलाय आणि त्याच्या कडेने पातळ झिरपतंय, ते त्याला कळतसुद्धा नाही. आणि तो कुंथत नव्हता, आलेली शी दाबून धरत होता! आम्ही घरातली चार मोठी माणसं आणि सगळं उलटं समजून बसलेलो.

मग हळूहळू त्याच्याकडून काढून घेतलं. शाळेच्या संडासाला आतून कडी नाही, बादलीत पाणी असेल तर असेल, आणि वर्गात दोन बोटं दाखवली की पोरं फिदीफिदी हसतात, सर म्हणतात आत्ता नाही. म्हणून हा दिवसभर दाबायचा. दाबलं की आतडं त्यातलं पाणी शोषून घेतं, शी आणखी कडक होते, मग करताना दुखतं, दुखलं की पोरगं परत दाबतं. असं चालत राहिलं की आतली पिशवीच सैल पडते आणि कळ यायचीच कमी होते. मुलींचं तर विचारूच नका, त्या लघवीसुद्धा दाबतात आणि पाणीच पीत नाहीत.

डॉक्टरांनी पाण्यात विरघळवून द्यायची पावडर दिली आणि बजावलं की चार दिवस बरं वाटलं म्हणून बंद करायची नाही, सैल पडलेलं आतडं जागेवर यायला महिने लागतात. आधी खडा निघू दे, मग भाकरी, पेरू, पालेभाजी. दूध तीन-चार ग्लास चाललं होतं ते कमी केलं. जेवणानंतर आतडं आपोआप हलतं म्हणून रात्री जेवण झालं की पाचेक मिनिटं बसवायचं, कमोडवर पाय लोंबकळतात म्हणून खाली पाट ठेवायचा. रागवायचं अजिबात नाही, हे सूनबाईपेक्षा मलाच जास्त लागू झालं.

सकाळी का नाही बसवत म्हणाल तर वेळच नाही हो. चौथीपर्यंतचे वर्ग नऊच्या आधी भरवू नका असं सरकारने २०२४ मध्ये सांगितलं, चांगलंच केलं, पण याची बस येते पावणेआठला!

आता मोठ्यांचं, म्हणजे माझंच. पहाटे साडेपाचची ड्युटी, स्टँडवरचे संडास कसे असतात ते प्रवाशांना सांगायला नको, त्यामुळे कळ दाबण्यात नोकरी गेली आणि रात्री चूर्णाचा चमचा ही सवय. त्यात सोनामुखी असते, ती आतड्याला ढोसून कामाला लावते हे मला रिटायर झाल्यावर कळलं, रोज स्वतःच्या मनाने घ्यायची वस्तूच नाही ती. इसबगोल त्यापेक्षा बरं पण ग्लासभर पाण्याशिवाय घेतलं तर उलट अडकतं. पुढे रक्त पडायला लागलं, मी मूळव्याध म्हणून वर्षभर कुणाला बोललो नाही. निघाली मूळव्याधच, पण डॉक्टरांनी झापलं, या वयात रक्त पडलं किंवा सवय अचानक बदलली किंवा वजन उतरलं तर आधी तपासायचं. लोहाच्या गोळ्या, थायरॉइड यानेही पोट धरतं म्हणे.

तर माझं मागणं एवढंच की शाळांनी संडासाला कडी लावावी, पाणी भरून ठेवावं आणि पोराने हात वर केला की त्याला जाऊ द्यावं, कारण विचारू नये. मुलामुलींना वेगळं स्वच्छतागृह हवं हे शिक्षणहक्काच्या कायद्यात २००९ पासून लिहिलेलं आहे, बांधलंही आहे बऱ्याच ठिकाणी, पण धुवायचं कुणी? आमच्या शाळेच्या पालकसभेत मी हे विचारलं तर आधी सगळे हसले, मग तीन आया बाहेर गेटपाशी येऊन म्हणाल्या, काका आमच्याकडे पण हेच चाललंय.

आपला,
एक निवृत्त कंडक्टर, सांगली