नवीन पीसी आणि बाबांचा फ्रीसेल

ति. आई-बाबांना सा. न.

बाबा, फोनवर तुम्ही नुसतं "असू दे गं" म्हणालात ना, ते डोक्यातून जातच नाहीये, म्हणून सविस्तर लिहितेय. जुना सीपीयू काढायचं मी आणि दादानीच ठरवलं आणि तुम्हाला सगळं ठरल्यावर सांगितलं, पण त्याला कारण होतं हो. विंडोज सेव्हनचे सिक्युरिटी अपडेट जानेवारी २०२० मध्येच बंद झालेत, २०२३ पासून नवीन क्रोमही त्यावर येत नाही, आणि तुम्ही त्याच मशीनवर लाइटबिल भरता, एफडी बघता. त्याच्यावरच विंडोज ११ टाकता आलं असतं तर टाकलंच असतं, पण त्याला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते, ती इतक्या जुन्या मदरबोर्डवर नाही. आणि हार्डडिस्क कटकट वाजायला लागली होती, आई तूच सांगितलंस. ती अचानक गेली असती तर मिरजेच्या घराचे सगळे फोटो गेले असते. आता सगळं पोर्टेबल डिस्कवर आहे आणि ती आईच्या कपाटात आहे, पैठणीच्या खाली.

आता गेम्सचं, कारण मला माहितीये खरं दुखणं तेच आहे. विंडोज सेव्हनमधले गेम नुसता फोल्डर कॉपी करून अकरावर चालत नाहीत, करून बघितलं. नेटवर त्यांची तयार पॅकेजेस मिळतात, पण कुठल्यातरी अनोळखी साइटवरची फाइल तुमच्या बँकेच्या मशीनवर मला नकोच वाटली. मायक्रोसॉफ्टच्या सॉलिटेअर कलेक्शनमध्ये तुमचा पत्त्यांचा फ्रीसेल आहे पण मधेमधे जाहिराती येतात, तुमची लागलेली तंद्री मोडेल. म्हणून पायसोलएफसी नावाचा पत्त्यांच्या खेळांचा प्रोग्रॅम टाकलाय. फुकट आहे, जाहिराती नाहीत, आणि मुख्य म्हणजे बाबा, त्यात तुमच्या वहीतले डावांचे नंबर चालतात! गेम नंबर विचारेल तिथे आधी इंग्रजीत एमएस टाइप करायचं, लगेच चिकटून आकडा, मधे स्पेस नाही, की तीच पानं त्याच जागी पडतात. जुनं मशीन बंद करायच्या आधी वहीतले काही डाव दोन्हीकडे शेजारी शेजारी लावून बघितलेत, पान न पान तेच.

वही चाळताना डाव नंबर ११९८२ च्या पुढे प्रश्नचिन्हांची रांग दिसली. तो सोडून द्या हो. १९९४-९५ मध्ये इंटरनेटवरच्या लोकांनी फ्रीसेलचे पहिले ३२,००० डाव आपापसात वाटून घेऊन खेळून काढले, बाकी सगळे सुटले, हा एकटा राहिला. पुढे कॉम्प्युटरनी सगळ्या शक्यता तपासल्या तरी तो सुटत नाही हेच निघालं. तुमचं काहीही चुकत नव्हतं, कळलं का?

जिंकल्या-हरल्याची आकडेवारी मात्र नव्या प्रोग्रॅममध्ये येत नाही, तिथे शून्यापासून दिसेल. वाईट वाटून घेऊ नका. जुन्या मशीनवरच्या त्या खिडकीचा फोटो काढून प्रिंट वहीच्या पहिल्या पानावर चिकटवलाय, जिंकलेला एकही डाव कुठे गेलेला नाही.

आई, तुझ्यासाठी स्टोअरमधून मायक्रोसॉफ्टचं माहजाँग घेतलंय. चित्रं थोडी वेगळी आहेत पण तुझी ती कासवाच्या आकाराची मांडणी आहे त्यात, तीच १४४ ठोकळ्यांची. स्क्रीन मोठी आहे, अक्षरं दीडपट केलीत, आता चष्मा कपाळावर ढकलून नाकाशी स्क्रीन धरायला लागणार नाही. याच्यात जाहिरात येते, ती संपू दे आणि कोपऱ्यातली फुली दाब, बाकी काही दाबू नकोस. "तुमच्या पीसीत व्हायरस आहे" असं काही आलं तर ते खोटं, फोन नंबर दिसला तरी लावायचा नाही, सरळ मला फोन. प्रीमियमसाठी कार्ड मागेल, कार्ड नंबर कुठेही द्यायचा नाही. बाबा, तुम्हीही ऐकताय ना?

बाबा, पिनबॉल शोधाल म्हणून सांगते, तो नाही टाकला. एक्सपीनंतर विंडोजनीच तो काढला, ६४ बिटवर बॉल वस्तूंच्या आरपार जायला लागला होता म्हणे. आठवतंय, मी तुमच्या मांडीवर बसून डावीकडची की धरायची आणि तुम्ही उजवीकडची, आणि बॉल खाली आला की आपण दोघं इतके ओरडायचो की आई लाटणं घेऊनच बाहेर यायची. दहावीच्या वर्षी तुम्ही कॉम्प्युटरला पासवर्ड घातलात तेव्हा मी दोन दिवस बोलले नव्हते तुमच्याशी. म्हणून तुमचं गप्प बसणं मला कळतं हो बाबा.

तुमचा खडखडणारा जुना कीबोर्ड तसाच ठेवलाय. माऊसचे जास्तीचे सेल टीव्हीच्या ड्रॉवरमध्ये आहेत.

आणि आता मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय हे विसरू नका. दोन डाव झाले की उठायचं, गॅलरीत फेरी मारायची, रात्री साडेनऊनंतर स्क्रीन बंद. थेंब वेळेवर घालायचे, आई तू समोर उभी राहून बघ. ऐकले नाहीत तर मला मेसेज कर. पुढच्या शनिवारी व्हिडिओ कॉल करते, तेव्हा एमएस लावून एक डाव मला टाकून दाखवायचा, अडलं तर तिथेच बघू.

तुमची
चिमी