तयारी सात दिवस आधी सुरू व्हावी

माननीय संपादक महोदय,

इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजी विभागात सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅनच्या पडद्यावर पाहत, त्वचेला बारीक छिद्र पाडून सुई अथवा नळी थेट आजारी अवयवापर्यंत नेली जाते. मोठी जखम होत नाही, त्यामुळे घरची माणसे या उपचाराला ‘साधी सुई’ म्हणून मोकळी होतात. माझ्या थोरल्या भावाच्या यकृतातील गाठीचा तुकडा तपासणीसाठी काढायचे ठरले, तेव्हा आमचीही समजूत तीच होती. तारखेच्या चिठ्ठीवर ‘उपाशीपोटी यावे’ एवढेच लिहिलेले असल्याने त्याला रात्रीपासून उपाशी ठेवून आम्ही पहाटे वाळपईहून निघालो. इस्पितळात इनचार्ज सिस्टरनी औषधांची चौकशी केली, तेव्हा कळले की हृदयात स्टेंट असल्यामुळे तो घेत असलेली, रक्ताची गुठळी होऊ न देणारी क्लोपिडोग्रेलची गोळी आदल्या रात्रीपर्यंत चालू होती. यकृतातून रक्तस्राव झाल्यास तो बाहेरून दाबून थांबवता येत नाही, म्हणून अशा बायोप्सीपूर्वी ही गोळी साधारणपणे पाच दिवस बंद ठेवतात. बायोप्सीची तारीख पुढे ढकलली गेली आणि आम्ही परत फिरलो.

दोष सिस्टरांचा नव्हता, उलट धोका त्यांनीच हेरला. माझी तक्रार आहे ती त्यांच्याकडे रुग्ण त्याच दिवशी सकाळी पोहोचतो, या व्यवस्थेबद्दल. रक्त गोठण्याचा आयएनआर आणि प्लेटलेट यांचे अहवाल ताजे आहेत का, मूत्रपिंडाचे काम कसे आहे ते दाखवणारे क्रिएटिनिन किती आहे, स्कॅनमध्ये स्पष्ट दिसावे म्हणून देतात त्या कॉन्ट्रास्टच्या इंजेक्शनने पूर्वी अंगावर पुरळ उठले होते का, मधुमेही रुग्णाने उपाशीपोटी इन्सुलिन किती घ्यावे हे डॉक्टरांनी सांगितले आहे का, संमतीपत्रावर सही करणाऱ्याला काय होणार आहे ते खरोखर कळले आहे का, हे सारे त्यांनी तासाभरात पाहायचे आणि शिवाय वॉर्डातील इतर रुग्णही सांभाळायचे. यातील बहुतेक गोष्टी सकाळी लक्षात आल्या, तर तारीख पुढे ढकलण्याखेरीज उपाय उरत नाही. गोळी मात्र घरच्या घरी बंद करायची नसते, कारण स्टेंट असलेल्या माणसाच्या बाबतीत तो निर्णय हृदयरोगतज्ज्ञांचा असतो, आणि त्यांना गाठण्यातही दोन-तीन दिवस जातात.

दुसऱ्या तारखेच्या आठवडाभर आधी त्याच सिस्टरनी आपणहून दूरध्वनी केला. ‘गुळयांचें पाकीट हातांत घेयात आनी वयलें नांव वाचून दाखयात,’ असे म्हणत त्यांनी एकेक गोळी विचारली, आणि त्यानंतर गावठी औषध, काढा असे काही चालू आहे का, हेही विचारले. (आमच्याकडे काढ्याला कुणी औषधात धरत नाही, वहिनीने तो पहिल्या खेपेस सांगितलाच नव्हता.) कोणत्या डॉक्टरांना काय विचारायचे ते त्यांनी वहीत लिहून घ्यायला लावले, अन्न किती तास आणि पाणी किती तास आधी बंद करायचे ते वेगवेगळे सांगितले. या खेपेस सुई ठरल्या वेळी झाली.

हा दूरध्वनी त्या सिस्टरांच्या सौजन्यावर अवलंबून राहू नये, एवढीच माझी विनंती आहे. तारीख देतानाच रुग्णाचे नाव इनचार्ज सिस्टरांच्या वहीत नोंदवावे, किमान सात दिवस आधी बोलणे व्हावे, त्यासाठी त्यांच्या पाळीत वेळ राखून ठेवावा आणि शंका आल्यास तारीख रोखण्याचा अधिकार त्यांना लेखी द्यावा. काणकोण, सत्तरी किंवा सीमेपलीकडील सिंधुदुर्ग आणि कारवारहून गोव्यात उपचारांसाठी येणाऱ्यांना एक फुकट गेलेली फेरी म्हणजे एका दिवसाचा रोजगार आणि गाडीभाडे. अशी सोय करायला नवे यंत्र लागत नाही. एक वही, एक दूरध्वनी आणि पाळीच्या वेळापत्रकात एक तास लागतो.

आपला,
एक वाचक, वाळपई (सत्तरी)