निखिल आता माझ्याकडेच राहील

पुणे, रविवार सकाळ

तीर्थरूप बाबा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

फोनवर आईचा आवाज भरून येतो आणि माझं अर्धं बोलणं घशातच राहतं, म्हणून लिहिते आहे. रागावू नका. दिवाळीनंतर निखिलला मिरजेला पाठवणार नाही. नशेच्या व्यसनातून तो आता कुठे सावरतोय, निदान वर्षभर माझ्याकडेच राहील. अभयशी बोलून ठरवलंय, निखिललाही विचारलंय. तुम्हाला आधी विचारायला हवं होतं, कळतंय मला. पण तुम्ही "घेऊन ये त्याला घरी" म्हणाला असता आणि माझ्याच्यानं नाही म्हणवलं नसतं.

बाबा, तुम्ही म्हणता ते खोटं नाही. पुणं तुमच्या वेळचं राहिलेलं नाही. मागच्या आठवड्यात आमच्या गल्लीत रात्री दोन वाजता पोरं कोयते घेऊन आली आणि उभ्या गाड्या फोडून गेली. कुणाशी भांडण नाही, काही नाही. मिसरूडही न फुटलेली पोरं होती म्हणे. सकाळी दार उघडलं तर निखिल खराटा घेऊन रस्त्यात. पोरांची शाळेची रिक्षा यायच्या आत काचा काढतो म्हणाला. सुपलीत ते बारके तुकडे खडीसाखरेसारखे दिसत होते. आई, मी मुद्दाम त्याच्या हाताकडे बघत उभी राहिले. हात थरथरत नव्हता. मे महिन्यात याच हाताला चहाचा कप धरवत नव्हता, तू पाहिलं आहेस.

पण म्हणून मिरजेत तो सांभाळला जाईल, असं मला नाही वाटत. २०२४ च्या फेब्रुवारीत पुणे पोलिसांनी एमडी, म्हणजे मेफेड्रोन, ती नशेची पावडर पकडली ते आठवतंय ना? सतराशे किलोच्या वर, साडेतीन हजार कोटींच्या पुढचं. कारखाना निघाला दौंड तालुक्यात, कुरकुंभ एमआयडीसीत. आणि माल सापडला तो दिल्लीत, अन् आपल्या कुपवाडात. बाबा, तुम्ही आयुष्यभर सायकलवरून ज्या कुपवाडला कामाला गेलात, तिथे. पुढच्याच महिन्यात कवठेमहांकाळजवळ इरळीत कारखाना, आणि २०२५ च्या जानेवारीत विट्याला, कार्वे एमआयडीसीत. गाव बदलून हे सुटत असतं तर मीच त्याला कोयना एक्सप्रेसमध्ये बसवून दिलं असतं.

आणि आम्हाला कळलं कसं नाही, हे तुम्ही दोघं रोज उगाळता ते आता थांबवा. दारू असती तर वास आला असता. ही पावडर घेतली की झोप नाही, भूक नाही. पोरगं रात्रभर जागतंय म्हणजे अभ्यास करतंय, असं कुठल्याही आईबापाला वाटेल. मला नाही का वाटलं? मी तर त्याच्या बहिणीसारखी कमी आणि आईसारखीच जास्त, आणि एकाच शहरात होते.

मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राचं नाव काढल्यावर बाबा, तुम्ही आठ दिवस बोलला नव्हता. १९८६ मध्ये ते सुरू करायला अवचट पतिपत्नींना तुमच्या पुलंनी देणगी दिली होती, हे सांगितल्यावर येरवड्याला यायला तयार झालात. तिथे जे सांगितलं तेच मी धरून बसले आहे. हे तुमच्या शुगरसारखं आहे. जात नाही, रोज सांभाळावं लागतं. त्याचं फॉलोअपला जाणं, तिथले मित्र, रात्री जीव घाबरला तर ज्याला फोन करतो तो माणूस, सगळं इथे आहे. तिथे त्याला दिवसभर एकटं बसावं लागेल आणि शेजारचे खिडकीतून बघतील. ते मला नको आहे.

त्याच्या खाण्यापिण्याची काळजी करू नका. मधली खोली दिली आहे, पंखा नवीन लावला. सकाळी दोन भाकऱ्या खातो, आमटी वाटीनं पितो. अप्पा बळवंत चौकात एका पुस्तकाच्या दुकानात लागलाय, डबा मी देते, संध्याकाळी रिकामा आणतो. पगार स्वतःहून माझ्या हातात ठेवतो. मी न मागता.

गणपतीच्या मिरवणुकीत कमानी बघायला न्यायचात तेव्हा बाबा, दर वर्षी एकच सांगायचात, निखूचा हात सोडू नकोस. एकदा फुग्यासाठी मी सोडला होता. तो कमानीच्या बांबूला धरून रडत उभा होता. अजून झोपेत दिसतो मला तसा.

आता ऐका. आई, तू त्याला फोनवरून पाचशे-पाचशे पाठवतेस ते मला कळलंय. एक रुपयाही पाठवायचा नाही. द्यावंसं वाटलं तर बेसनाचे लाडू पाठव. तुझ्या मायेला नाही म्हणत नाहीये गं, फक्त हातात रोख नको. बाबा, तुम्ही सकाळची गोळी उपाशीपोटी विसरता, डबीवर वार लिहून ठेवलेत ते बघत जा. रात्री अनोळखी नंबर उचलू नका. त्याचे जुने मित्र चौकशीला आले तर दारातूनच परत पाठवा, चहा नको, पत्ता तर नकोच. आणि आत्याला खरं सांगून टाका. नोकरीसाठी राहिलाय असं सांगत बसलात तर तुमचंच बीपी वाढेल.

पुढच्या शनिवारी कोयनेनं या. तिकिटं काढली आहेत, खालचे बर्थ नसतात तिच्यात, पण खिडकीजवळच्या दोन जागा मिळाल्यात. आईच्या गुडघ्यासाठी निखिल स्टेशनवर आत फलाटापर्यंत येणार आहे, जिना एकटीनं चढू नकोस. भडंग आणा. लोणच्याची बरणी पिशवीत उभी ठेवा, मागच्या वेळी सगळ्या साड्यांना तेल लागलं होतं.

तुमची,
ताई