हॉल डोळ्यांसाठी बांधला, कानाचं आणि पायाचं काय?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या महिन्यात आपल्या साताऱ्यातल्या एका नव्या सभागृहात व्याख्यानाला गेलेलो. नाव लिहीत नाही, कारण असे हॉल आता गावोगावी झालेत. वक्ते चांगले होते, पण मागच्या रांगांत नुसता कल्ला, एक शब्द संपायच्या आत दुसरा त्याच्या अंगावर चढतोय आणि लोक शिव्या देतायत साऊंडवाल्या पोराला. त्यानं काय करायचं? खाली चकाचक टाइल्स, दोन्ही बाजूला काच, वर गुळगुळीत पीओपी, आवाज मुरणार कुठं!

हे दुखणं जुनंय, आणि औषधही जुनंच. 1895 साली अमेरिकेत हार्वर्डच्या नव्या लेक्चर हॉलमध्ये बोललेला शब्द साडेपाच सेकंद घुमायचा. वॉलेस सॅबिन नावाच्या तरुण प्राध्यापकानं जवळच्या थिएटरातल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री उचलून आणल्या, त्या मांडत गेला आणि घुमणं किती कमी होतंय ते मोजत गेला. मऊ वस्तू आवाज पिते, ती वाढवली की घुमणं कमी. भाषणाच्या हॉलला साधारण एक सेकंद पुरे. आपल्या कापडी मांडवात कीर्तन स्वच्छ ऐकू यायचं ते यामुळंच, कनातीचं कापडही आवाज पितं आणि उरलेला उघड्यावर निघून जातो.

दुसरं पायऱ्यांचं. मी बांधकामावर सुपरवायझर होतो त्यामुळं टेप खिशात असतोच. सार्वजनिक इमारतीत पायरीची उंची जास्तीत जास्त 150 मिलिमीटर आणि पाय ठेवायची रुंदी कमीत कमी 300 असं नॅशनल बिल्डिंग कोड, म्हणजे बांधकामाची देशाची नियमावली, सांगते. इथं उंची भरली 180, आणि शेवटची पायरी त्याहून वेगळी, कारण स्लॅब ओतताना फरशीची जाडी कुणी धरलीच नाही (हे सगळीकडं चालतं, आमच्याच लाईनीतली गोष्ट आहे). पाय दोन-तीन पायऱ्यांत माप शिकतो आणि पुढं न बघता चढतो, मग एकच पायरी वेगळी निघाली की म्हातारं माणूस पडलंच समजा. त्यात साताऱ्याचा पाऊस, ओल्या चपला आणि पॉलिशची फरशी.

साताऱ्याजवळच्या लिंब गावची पायऱ्यांची बारा मोटेची विहीर बघा. लांबून काही दिसत नाही, एलिव्हेशन, म्हणजे समोरून दिसणारा देखावा, म्हणावं असं काहीच नाही, पण उन्हाळ्यात पायऱ्या उतरायला लागलं की आधी पायाला गारवा लागतो, मग बोलणं आपोआप हळू होतं. अठराव्या शतकात हे जमलेलं आणि आज आपण कॉम्प्युटरवरचं इमारतीचं चित्र, तो थ्रीडी व्ह्यू, छान दिसला की प्लॅन पास करतो.

पुढच्या टेंडरला त्या व्ह्यूबरोबर आवाज किती सेकंद घुमेल तो आकडा आणि पायरीचं माप लेखी मागा, आणि बिल काढायच्या आधी मोजून बघा. झालेल्या हॉलला पाडापाडी नको, मागच्या भिंतीला जाड पडदे आणि छताला आवाज पिणारे भोकाचे बोर्ड लावले तरी बराच फरक पडेल, पायऱ्यांना कडेला खरबरीत पट्ट्या मारायला तर एक दिवस लागतो.

आपला,
एक वाचक, सातारा